सलग पट्टा

"आता मागं वळून बघायचं न्हाई," अनसूआत्या म्हणाल्या, आणि माझी हनुवटी धरून त्यांनी माझं तोंड सरळ समोरच्या काचेकडे वळवलं.

अनसूआत्या म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आत्या. दुपारी लग्न लागलं होतं, आता पाठवणी चालली होती. मागे मांडवाच्या तोंडाशी माझी आई रडत उभी होती आणि मला तिच्याकडे एकदा नीट बघायचं होतं. पण बाबरांच्या, म्हणजे माझ्या सासरच्या, घरची रीत कडक. नवरीने गाडीत पाय ठेवला की सासरचा उंबरा ओलांडेपर्यंत मागे वळून बघायचं नाही. बघितलं तर काय होतं, ते मी आत्यांना विचारलं. माहेर पुसलं जातं की सासर, हे त्यांनाही नक्की माहीत नव्हतं. काहीतरी पुसलं जातं एवढं खरं.

चाकाखाली लिंबू ठेवलं होतं, ते फुटलं आणि गाडी निघाली. मागच्या सीटवर मी आणि आत्या. माझ्या ओटीत एकच नारळ, तो मी पदरात गुंडाळून मांडीवर धरला होता. पुढे स्टिअरिंगवर खुद्द नवरदेव, प्रल्हादराव. नवरदेवाने फेटा बांधून स्वतःची वरात स्वतः हाकलेली आमच्या गावात कुणी बघितली नव्हती. मंडळींनी त्यांना सांगून बघितलं, की आज तरी ड्रायव्हर करा. ते म्हणाले, "दुसऱ्याच्या हातात मी जीव देत न्हाई." सगळे हसले. त्यांची एका सरकारी खात्यात गाडी चालवायला निवड झाली होती आणि हजर होण्याचा कागद यायचा होता. त्या नोकरीवर नजर ठेवूनच आमच्याकडून लग्न ठरलं होतं, हे खोटं कशाला बोलू.

त्यांच्या शेजारी माझा भाऊ, जोतीदादा. नवरीबरोबर पहिल्या वेळी माहेरची एक बाई जाते, तिला पाठराखीण म्हणतात. आमच्याकडे धाकटी काकू बाळंतीण, मावशीचा पाय मोडलेला, आईने तर जायचंच नसतं. म्हणून जोतीदादाच निघाला. मिशीवाली पाठराखीण म्हणून अख्ख्या मांडवाने त्याची थट्टा केली. तोही हसला आणि गाडी गावाच्या कमानीतून बाहेर पडायच्या आत मान टाकून झोपला. त्याचं चुकलं नाही. पाण्याचा टँकर, आचारी, मांडव, पाहुण्यांच्या गाद्या, सगळं त्यानेच ओढलं होतं. वडील आमच्या लहानपणीच गेले. माझं लग्न हे त्याच्या डोक्यावरचं ओझं होतं आणि ते उतरल्यावर त्याला झोप लागली.

बाकीचं वऱ्हाड कधीच पुढे गेलं होतं. आम्ही मात्र आमच्या देवीच्या पाया पडायला थांबलो, म्हणून आमची गाडी सगळ्यांत शेवटी घाटाला लागली.

आमचं गाव घाटावर, त्यांचं पायथ्याशी. घाटाच्या पहिल्याच वळणापासून रस्त्याच्या मधोमध पांढरा सलग पट्टा सुरू होतो तो खाली नाक्यापर्यंत कुठे तुटत नाही. त्या पट्ट्याचा अर्थ मला नवऱ्याच्या आधी कळत होता. जोतीदादाचा भाजीचा पिकअप होता आणि त्याने मला गाडी शिकवली होती. गावात पोरगी गाडी शिकते म्हणून लोक हसायचे. तो माळावर घेऊन जायचा, चुन्याने रेघ मारायचा आणि म्हणायचा, "शालन, तुटक पट्टा म्हंजी दार. पुढं बघून उघडायचं. सलग पट्टा म्हंजी भिंत. भिंतीतनं कोण जातं का?" माझं चाक चुन्यावर गेलं की तो गाडी थांबवायला लावायचा, मला खाली उतरवायचा आणि घरापर्यंत चालत यायला लावायचा. स्वतः पहिल्या गिअरमध्ये माझ्या मागून गाडी आणायचा, कारण तिन्हीसांजेला पोरीला माळावर एकटी सोडायची नाही. हा त्याचा दंड. मी सतरा वेळा चालले असेन, पण पट्टा असा पक्का झाला की झोपेतही मी तो ओलांडणार नाही.

आमच्या पुढे विटांनी भरलेला ट्रक होता. उतारावर भरलेला ट्रक जसा चालतो तसाच तो चालला होता, दमाने, खालच्या गिअरमध्ये. प्रल्हादरावांनी दोनदा हॉर्न दिला, फेटा मागे सारला, तिसऱ्यांदा हॉर्न दिला. जोतीदादाची झोप काही मोडली नाही. आत्या म्हणाल्या की दिवे लागायच्या आत उंबऱ्यावर पोचायला हवं, मुहूर्त आहे. त्यांना बोलायलाच हवं होतं असं नाही. प्रल्हादरावांच्या मानेवरूनच मला कळलं होतं की आता हा माणूस थांबत नाही.

पुढे वळण होतं. वळणापलीकडचं काही दिसत नव्हतं. पांढरा पट्टा गाडीच्या तोंडाखाली सरकला तसा मी ओटीतला नारळ घट्ट धरला आणि डोळे मिटले.

ट्रकचा घरघराट डाव्या कानाशी आला. मग समोरून एक बारीक हॉर्न, आणि उजवीकडे टक्क असा आवाज. त्यामागोमाग मागे कुठेतरी काहीतरी घसटत गेल्यासारखं झालं. मी डोळे उघडले तेव्हा गाडी आपल्या बाजूला आली होती आणि पुढचा रस्ता मोकळा होता. माझी मान आपसूक मागे वळायला लागली. आत्यांचा हात लगेच हनुवटीवर आला.

"न्हाई. काय सांगितलं?"

"आवाज कसला झाला?"

"डिकीतलं नारळ गडगडलं," त्या म्हणाल्या. त्या स्वतः मात्र वळून मागच्या काचेतून बघत होत्या. त्या नवरी नव्हत्या, त्यांना रीत लागू नव्हती.

पुढचं वळण गेल्यावर प्रल्हादरावांनी गाडी कडेला घेतली. खाली उतरले, उजव्या बाजूला वाकून रुमालाने काहीतरी पुसलं, रुमाल दरीत टाकला. मग मागचं दार उघडून आत्यांशी अगदी हळू काहीतरी बोलले. आत्यांनी मान हलवली. मी नव्या नवरीसारखी खाली बघत होते.

मग त्यांनी जोतीदादाला हलवून उठवलं. "पावणं, आता जरा तुम्ही घ्या गाडी. घाट उतरला की आमची शीव लागती. शिवेत नवरा-नवरीनं जोडीनं शिरायचं असतं."

जोतीदादाने डोळे चोळले. दाजींनी आपल्या हातात गाडी दिली याचाच त्याला केवढा आनंद झाला. तो धडपडत पलीकडे गेला, सीट पुढे ओढली, आरसे बघितले.

"दाजी, ह्या आरशाला काच न्हाई की."

"मांडवातल्या पोरांनी फोडली. तुम्हाला मागचं कशाला बघायचंय? पुढं बघा."

"आज ह्या गाडीत कुणीच मागं बघायचं न्हाई," आत्या म्हणाल्या, आणि आम्ही सगळे हसलो. मीही हसले.

प्रल्हादराव माझ्या शेजारी बसले. पहिल्यांदाच इतके जवळ. आत्यांनी त्यांचा हात उचलून माझ्या हातावर ठेवला. तो थंडगार होता. मला वाटलं, लाजतायत. एवढा गाडी हाणणारा माणूस बायकोचा हात धरायला घाबरतो म्हणून मला त्यांच्याबद्दल मायाच वाटली.

जोतीदादा घाट कसा उतरला हे मला अजून आठवतं. पट्ट्यापासून हातभर अंतर ठेवून, वळणावर हॉर्न देऊन, नवरीच्या मांडीवरचा नारळही हलणार नाही असा.

खाली नाक्यावर हवालदाराने काठी आडवी घातली. वयाने मोठे, दमलेले गृहस्थ होते. आत फुलं, मुंडावळ्या बघून त्यांचा आवाज नरम झाला, पण त्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. घाटमाथ्यावरच्या शिपायाने वरून बघून वायरलेसवर कळवलं होतं की फुलांच्या पांढऱ्या गाडीने वळणावर सलग पट्टा ओलांडून ट्रकला मागे टाकलं. वळणापलीकडचं त्याला दिसलं नव्हतं. मोबाइलला तेव्हा त्या घाटात रेंज नसायची, पण वायरलेस पोचायचा. हवालदारांनी लायसन्स मागितलं.

"मी न्हाई ओलांडला," जोतीदादा म्हणाला. "मी असलं करतच न्हाई."

"मग गाडी काय आपोआप गेली?"

जोतीदादाने मागे बघितलं. प्रल्हादराव तोवर उतरले होते. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला माझ्या खिडकीपाशी आणलं, चार पावलांवर. सगळं मला ऐकू येत होतं. ते म्हणाले, पट्टा मीच ओलांडला, तुम्ही झोपला होता. पण माझा हजर व्हायचा कागद निघायचाय. ड्रायव्हरच्या नोकरीला लायसनवर असला डाग आला तर नाव खोडतात. दंड मी भरतो. तुमचं फक्त नाव.

"एवढंच ना?" जोतीदादा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर केवढी सुटका दिसली. त्याला वाटलं होतं काय नि काय मागतायत.

पण हवालदारांनी पुढचं सांगितलं तेव्हा तो थबकला. नुसता दंड नाही. लायसन्स ठेवून घेणार आणि ते तीन महिने बंद होऊ शकतं, कारण पट्टा वळणावर ओलांडलाय. तीन महिने पिकअप दारात उभा म्हणजे तीन महिने घरात काही येणार नाही. प्रल्हादराव दंडाचे पैसे मोजत होते. हवालदार टेबलाकडे वळले तशा गाडीतून आत्या बोलल्या, अगदी गोड.

"पावणं, आमच्या दारात तुमची बहीण अजून शिरली न्हाई. पहिलंच मागणं हाय."

जोतीदादाने माझ्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर मी काय केलं असतं ते देव जाणे, पण त्याने ती वेळच माझ्यावर आणली नाही. तो टेबलापाशी गेला, मीच पट्टा ओलांडला असं त्याने सांगितलं आणि पावतीवर सही ठोकली. प्रल्हादरावांनी दंड भरला. हवालदार म्हणाले, बहिणीला घेऊन चाललायस, वळणावर असं करतोस, समोरनं कुणी आलं असतं म्हणजे? जोतीदादा मान खाली घालून ऐकत होता. खोटं बोलताना तो नेहमीच अपराध्यासारखा दिसायचा, त्या दिवशी ते त्याच्या अंगाला फारच शोभलं. गाडीत बसताना तो मला हळूच म्हणाला, "लग्नात तुला कायतरी द्यायचं राह्यलंच हुतं."

मला रडू आलं. अभिमानाने, असं मला तेव्हा वाटलं.

गावात शिरल्यावर मारुतीच्या पाया पडलो. मग दारात आलो. अजून उजेड होता. दाराला तोरण, उंबऱ्यावर तांदळाने भरलेलं माप, अंगणात सगळं बाबर घराणं. सासूबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. माझी दृष्ट काढून त्यांनी तुकडा लांब टाकला आणि पायरीवर फोडायला नारळ मागितला.

"डिकीत असतील," कुणीतरी म्हणालं.

जोतीदादा धावला. पाहुणा असून कामाला तोच पुढे. त्याने डिकी उघडली, आत वाकून बघितलं आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाला, "डिकीत नारळ न्हाईत. शालनची ट्रंक तेवढी हाय. नारळाचं पोतं मी सकाळीच टेम्पोत घातलं."

मी आत्यांकडे बघितलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. त्यांनी नजर हलवली नाही, उलट मलाच खाली बघ असं डोळ्यांनी सुचवलं.

टक्क असा आवाज. नसलेली काच. दरीत टाकलेला रुमाल. थंडगार हात. मी प्रल्हादरावांकडे वळले तर ते डिकीकडे नाही, गल्लीच्या तोंडाकडे बघत होते. मी काही विचारायच्या आत तिकडून पोलिसांची जीप आली.

तेच हवालदार होते. आता त्यांचा आवाज नरम नव्हता. त्यांनी अंगणातच सांगितलं. विटांचा ट्रक नाक्यावर आला, ट्रकवाल्याने विटांवर घोंगडं टाकून एक माणूस आणला. मोटारसायकलवाला. वरच्या एका वाडीतला धनावडे म्हणून, खाली दूध घालून रिकामी कॅन घेऊन परत चालला होता. गाडीचा धक्का लागून कठड्यावर आपटला होता. ट्रकवाल्याने घेतला तेव्हा तो पाणी मागत होता. नाक्यावर पोचेपर्यंत संपला. रस्त्यावर आरशाची काच पडली होती. हवालदार सरळ गाडीपाशी गेले, उजव्या आरशाच्या रिकाम्या चौकटीत बोट फिरवलं आणि जोतीदादाचं मनगट धरलं.

"लेका, पाणी मागत हुता त्यो. तू खुशाल खाली येऊन सही करतोस?"

जोतीदादाने प्रल्हादरावांकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. नुसता प्रश्न होता, की दाजी, हे तुम्हाला माहीत होतं? प्रल्हादराव फेट्याचा शेमला नीट करत होते.

मी बोलले. माप समोर होतं, सासरे होते, सगळं गाव होतं, तरी बोलले.

"दादा झोपला हुता. गाडी हे चालवत हुते. पट्टा ह्यांनी ओलांडला. ते झाल्यावर ह्यांनी दादाला उठवून स्टिअरिंगवर बसवला."

प्रल्हादराव अगदी शांतपणे म्हणाले, "नवी हाय साहेब. भावासाठी बोलणारच."

हवालदारांनी आत्यांना विचारलं. अनसूआत्या उंबऱ्याशी गेल्या, वाकल्या, आणि माझ्या पायाने लवंडायचं ठेवलेल्या त्या तांदळाच्या मापावर त्यांनी उजवा हात ठेवला.

"ह्या लक्ष्मीची आण. देवीच्या देवळापास्नं गाडी पावण्यांच्याच हातात हुती. आमचा पोरगा बायकोशेजारी बसला हुता."

मग हवालदार जोतीदादाकडे वळले. माणूस वाईट नव्हते ते. मनगट सोडून म्हणाले, "तू सांग. खरं सांग. कोण चालवत हुतं?"

जोतीदादाने सगळीकडे एकदा बघितलं. तोरणाकडे, मापाकडे, सासूबाईंच्या हातातल्या तांब्याकडे. मग माझ्याकडे, हिरवा चुडा भरलेल्या हातांकडे. त्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला तोंडपाठ होतं. खरं बोलला तर त्याच पायरीवरून माझी परत पाठवणी. लग्नाच्या दिवशी परत आलेली पोरगी. आमच्या गावात अशा एकीला त्याने स्वतः विहिरीतून बाहेर काढलं होतं.

"मीच," तो म्हणाला. "शालन घाबरलीय. तिचं ऐकू नगा."

"दादा."

"आत जा. उजवा पाय टाक. आणि मागं बघू नगंस."

ते त्याला घेऊन चालले. सासूबाई माझ्या दंडाला धरून म्हणाल्या, चल, मुहूर्त टळतोय. जणू दारात भाजीवाला येऊन गेला होता. प्रल्हादराव माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, जोडीने उंबरा ओलांडायचा म्हणून. त्यांचा हात आता गरम होता.

मी मागे वळून बघितलं.

जोतीदादा जीपमध्ये चढत होता. दोन रात्रींच्या जागरणाने त्याचा पाय पायरीवरून निसटला आणि शिपायाने त्याला मागून ढकलून आत घातलं. मी ओटीतला नारळ काढला, उंबऱ्यावर मापाशेजारी ठेवला, आणि पायऱ्या उतरले. मागून सासूबाईंचा आवाज आला की आता गेलीस तर हे दार तुला नाही. त्या उंबऱ्याच्या आत काय आहे ते मी आजवर बघितलेलं नाही.

जीप सुटायच्या आत मी मागच्या फळीला धरून चढले. हवालदारांनी मला अडवलं नाही. मी जोतीदादाशेजारी बसले. मला वाटलं, तो माझा हात धरेल.

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी तो चेहरा पूर्वी कधी बघितला नव्हता.

"तू का आलीस?"

"तुला एकट्याला कशी सोडू?"

"मग मी हो कशाला म्हटलं?" तो म्हणाला. परत तेच म्हणाला. "शालन, मग मी हो कशाला म्हटलं?"

मी त्याला सांगितलं की आता खरं सांग, अजून वेळ गेलेली नाही. त्याच्या मनाने वेगळंच घेतलं होतं. शब्द पाळला तर बाबर आज ना उद्या मला न्यायला येतील, हा हिशेब त्याने त्या जीपमध्येच केला आणि खटला संपेपर्यंत सोडला नाही. प्रत्येक तारखेला तो प्रल्हादरावांना बघून हात जोडायचा. ते न बघितल्यासारखं करायचे. त्यांचा हजर व्हायचा कागद महिन्याभरात आला होता. पंचांसमोर सोडचिठ्ठी करून वर्षाच्या आत दुसरं लग्नही झालं, आणि ते जोतीदादाला मीच सांगितलं. त्याने मान हलवली, पण जबाब बदलला नाही. म्हणाला, आता बदलला तर मी खोटा, तू खोटी, सगळंच खोटं.

कोर्टात मी उभी राहिले. सरकारी वकिलाने मला फार छळलं नाही, चारच प्रश्न विचारले.

"धडक झाली तेव्हा तुमचे डोळे उघडे होते?"

"न्हाई."

"नंतर मागं वळून बघितलंत?"

"न्हाई."

"का?"

"नवरीनं बघायचं नसतं."

कोर्टात कुणीतरी हसलं. पावतीवरची सही भावाची का, हा चौथा. मी हो म्हटलं.

धनावड्याची म्हातारी आई दर तारखेला यायची. एसटीने यायची, फाटकाशी बसायची. निकालाच्या दिवशी ती जोतीदादाच्या पुढ्यात आली. ओरडली नाही की शिव्या दिल्या नाहीत. "ट्रकच्या मागं जरा थांबला असतास," एवढंच म्हणाली. "तुला कशाची घाई हुती, लेकरा?" जोतीदादाने वाकून तिच्या पायाला हात लावला. तिने पाय मागे घेतला. चार पावलांवर प्रल्हादराव उभे होते, सरकारी गणवेशात, गाडीची किल्ली बोटाला अडकवून. मी म्हातारीला म्हटलं, "तो न्हाई, तो बघा, तो." तिने माझ्याकडे बघितलं आणि निघून गेली. तिला वाटलं असेल, भावासाठी बोलणारच.

शिक्षा झाली. लायसन्स कायमचं गेलं. तो आत असताना पिकअप मी चालवला. भाजी भरली, बाजार केला, आईला जगवलं. ज्या दिवशी तो सुटणार होता त्या दिवशी मी पिकअप धुतला, आरसे पुसले आणि त्याला आणायला गेले.

तो बाहेर आला तेव्हा पाठमोरा असता तर मी ओळखला नसता. केस सगळे गेले होते. शेजारी बसला, पिशवी मांडीवर धरली. मी आईचं सांगितलं, बाजाराचं सांगितलं, गावात नवीन काय ते सांगितलं. तो समोर बघत होता. माझं बोलणं संपलं आणि गावाच्या अलीकडे, माळाजवळ, मला रडू फुटलं. काही दिसेना. चाक पांढऱ्या पट्ट्यावर गेलं.

"थांब," तो म्हणाला.

मी गाडी थांबवली. दार उघडायला मी हात घातलासुद्धा. मला खरंच बरं वाटलं. तो मला उतरवणार, चालायला लावणार, मागून गाडी घेऊन येणार, आणि घरी पोचेपर्यंत सगळं जुनं होणार. मी त्या दंडाला आयुष्यभर तयार होते.

पण त्याने आपलंच दार उघडलं. पिशवी घेऊन खाली उतरला आणि घराकडे चालायला लागला.

मी हाका मारल्या. तो थांबला नाही. मग मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि त्याच्या मागून हळूहळू निघाले. माझ्या मागे गाड्या जमा झाल्या, हॉर्न वाजायला लागले. आता इथेही गावापर्यंत पट्टा सलग होता, कुणाला पुढे जाता येत नव्हतं. तो घरापर्यंत तसाच चालत गेला. एकदाही त्याने मागे वळून बघितलं नाही.